सोळा नंबरचं टपाल

निवृत्तीच्या दिवशी टपालमावशींना सगळ्यांनी मिळून एकच आशीर्वाद दिला, आता आराम करा. एरवी माणसांचे आशीर्वाद फारसे लागत नाहीत, हा मात्र चांगलाच लागला. एकतीस वर्षं खांद्याला पिशवी लावून रोज दहा-अकरा किलोमीटर चालणाऱ्या बाईचा उजवा गुडघा दोन वर्षांत असा धरला, की ओट्यापासून खिडकीपर्यंत जायचं तरी वाटेत टेबलाला हात लावावा लागे. वजन वाढलं, झोप तुटक झाली. आणि रोज सकाळी अकराच्या सुमाराला छातीत काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला आणि हृदय तरण्या माणसासारखं आहे असं सांगून त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तेच झालं.

टपालमावशी हे नाव त्यांना त्यांच्या वाटपाच्या रस्त्यांनी दिलेलं. मावशी म्हणणारं सख्खं कुणी नव्हतं, कारण मुळात बहीणच नव्हती. लग्न राहून गेलं होतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर त्या म्हणत, "पत्ता चुकला असेल, परत गेलं." आत्या म्हणणारी मात्र एक होती, धाकट्या भावाची मुलगी. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि तिची पद्धत तिच्याच दवाखान्यात चेष्टेचा विषय होती. बाकीचे लोक गुडघा दुखतो म्हटलं की गुडघा बघतात. ही आधी माणसाच्या हातात एक वही द्यायची.

वहीत चार रकाने होते. अंग, झोप, मन, माणसं.

"माझा गुडघा दुखतोय," मावशी म्हणाल्या. "मन कशाला त्यात?"

"गुडघा काय एकटा राहतो का आत्या? तुझ्यातच राहतो ना?" भाची म्हणाली. "बरं, मला सांग, गुडघा बरा करून तुला कुठे जायचंय?"

"कुठे जायचंय! माझं सगळं जाऊन झालंय."

हे खरं नव्हतं. पण खरं नाही हे मावशींना तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून ते खोट्यात धरायचं नाही. कारण मावशी खोटं बोलत नसत. जन्मभर शिक्का बघितलेली बाई, ज्या तारखेचं ते त्याच तारखेचं. भाचीने पावलं मोजायचं घड्याळ मनगटावर बांधलं, तर शेजारणीने लगेच युक्ती सांगितली, नुसता हात हलवत बसा, ते पावलंच धरतं. मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा आठ दिवस त्या विषयावर बोलली नाही. पहिल्या दिवशी चारशे बारा पावलं झाली आणि वहीत चारशे बाराच लिहिली गेली.

अंगाच्या रकान्यात रोज एक व्यायाम होता. खुर्चीवर हात न टेकता बसायचं, हात न टेकता उठायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी तीन वेळा जमलं. घरात प्लास्टिकची एकच खुर्ची होती, ती बसताना मागे सरायची. "ही काय खुर्ची आहे," मावशी पुटपुटल्या आणि का कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले. मनाच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "खुर्चीमुळे रडू आले." भाचीने ते दोनदा वाचलं आणि काही विचारलं नाही. तिला कुठे थांबायचं ते कळायचं. हा गुण शिकवून येत नाही.

चौथा रकाना मात्र पंधरा दिवस कोरा होता. भाची म्हणाली, रोज एका माणसाशी तरी बोल आणि लिही. मग मावशींनी लिहिलं, "भाजीवाली. मी: केवढ्याला? ती: वीसला." भाचीने त्यावर आडवी रेघ मारली.

"का? माणूस नाही का ती?"

"ती आहे गं. पण हे बोलणं नव्हे, हा भाव झाला."

"मग काय लिहू?"

"ज्याच्याकडे जाताना तुझी पावलं आपोआप भराभर पडतात, त्याचं नाव लिही."

मावशी वही मिटून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. भाचीने हेही पाहिलं आणि हेही सोडून दिलं. जाता जाता एवढंच म्हणाली, "चालायला कंटाळा येतो म्हणतेस ना, तर मग बागेत गोल गोल नको फिरूस. तुझ्या जुन्या वाटपाच्या रस्त्याने जा. थोडं थोडं. पायांना पाठ आहे तो."

पायांना खरंच पाठ होता. नाक्यापासून सुरुवात करायची, शाळेच्या भिंतीला लागून डावीकडे, मग उताराची लांब गल्ली. पाय फाटकाफाटकाशी आपोआप वळायचे आणि मावशींना त्यांना धरून पुन्हा रस्त्यावर आणावं लागायचं. तीन नंबरच्या आजोबांचा म्हातारा कुत्रा त्यांना पाहून पूर्वीइतकाच मनापासून भुंकला, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. कुणीतरी विसरलं नव्हतं. दहा दिवसांत त्या आठ नंबरपर्यंत पोचल्या, महिन्याभरात चौदापर्यंत. गुडघ्याची कुरकुर होती, पण ती आता जुन्या नोकराच्या कुरकुरीसारखी, काम करता करता चालायची.

आणि चौदा नंबरहून त्या रोज परत फिरायच्या.

सोळा नंबरला खुर्च्या विणणारा राहायचा. सगळे त्याला खुर्चीवाले म्हणत. पुढच्या अंगणात वेताच्या पट्ट्या टबात भिजत घातलेल्या, भिंतीशी बूड फाटलेल्या खुर्च्यांची रांग, आणि मधोमध एका लाकडी ठोकळ्यावर बसून हा माणूस एकेक पट्टी वरखाली घालत बसलेला. त्याला आठवड्याला तीन पाकिटं यायची. मावशी अकराच्या सुमाराला फाटक उघडून "टपाल!" म्हणायच्या, तो उठायचा, हात पुसून पाकीट घ्यायचा आणि नुकती विणून झालेली एखादी खुर्ची पुढे ओढायचा.

"जरा बसून बघता का? सैल तर नाही ना?"

कामावर असताना बसायचं नाही असा नियम होता. पण खुर्ची तपासणं म्हणजे बसणं नव्हे, असं मावशींनी पहिल्याच वर्षी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. माणूस कितीही नियमाचा असला तरी एखादी खिडकी उघडी ठेवतोच. त्या पाच मिनिटं बसायच्या, पाणी प्यायच्या, आणि मग निकाल सांगायच्या, "ठीक आहे." त्या रस्त्यावरच्या एकोणीस वर्षांत फक्त एकदाच त्यांनी "सैल आहे" असं सांगितलं, कारण ती खरोखरच सैल होती. खुर्चीवाल्याने तिथल्या तिथे ते सगळं बूड कापून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी टपाल नसतानाही फाटक उघडून धरून म्हणाला, "कालची पुन्हा बघावी लागेल." तेवढा एकच दिवस मावशी हातात टपाल नसताना त्या फाटकातून आत गेल्या.

एरवी नाही. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हातात टपाल असल्याशिवाय कुणाच्या फाटकाला हात लावायचा नाही. बाकीचे नियम लोक विसरले, मावशींनी हा हाडांत मुरवला. निवृत्त झाल्यावर तर टपाल कायमचंच संपलं. मग सोळा नंबरला जायचं तरी कसं आणि काय म्हणून? का आलात, असं त्याने विचारलं तर काय सांगायचं? रिकाम्या हातांनी उभं राहायचं? चौदा नंबरपाशी रोज त्यांच्या छातीत अकरा वाजायचे आणि त्या मागे वळायच्या. त्यांना तिथे जायचं होतं. जगात दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं. हे त्यांना आता कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

एके दिवशी चौदा नंबरपाशी नव्या पोस्टमनची स्कूटर भेटली. नवा म्हणजे चाळिशीचा, पोट सुटलेला, हसतमुख. मावशींना तो मनापासून मान द्यायचा, कारण त्यांच्यामागून ते काम तो स्कूटरवर करायचा आणि तरी दमायचा.

"वा, मावशी! पुन्हा रुजू झालात की काय?"

"गुडघ्यासाठी फिरते," मावशी म्हणाल्या. मग न राहवून त्यांनी विचारलं, "सोळा नंबरचं बरं चाललंय ना? बरंच टपाल असतं त्यांना."

"सोळा? ते खुर्च्यांवाले? तिथे मी कधी गेलोच नाही."

"गेलो नाही म्हणजे? आठवड्याला तीन पाकिटं असतात त्यांची."

"नाही हो. दोन वर्षं झाली, सोळा नंबरला टपालाचा चिटोरा आलेला नाही."

मावशींचा पारा चढला. "नीट बघत नसाल. ऑफिसातला त्यांचा खण बघता का तुम्ही रोज?"

"मावशी, शपथ घेऊ का? तुमच्या हातची 'सोळा' लिहिलेली चिठ्ठी अजून आहे त्या खणावर. रिकामाच असतो म्हणून मी त्यात जेवणाचा डबा ठेवतो." तो जरा ओशाळला. "तुम्ही गेलात आणि त्यांचं टपालच बंद झालं बघा. लोक हल्ली लिहितात कुठे?"

स्कूटर निघून गेली. मावशी चौदा नंबरच्या बुटक्या भिंतीवर बसल्या, तेही हात टेकून.

लोक हल्ली लिहीत नाहीत हे खरंच. पण सगळं लिहिणं एकाच दिवशी थांबतं का? मावशींनी डोळे मिटले आणि ती पाकिटं एकेक करून पुढ्यात घेतली. रंग तोच, मातकट. दुकान एकच असावं. तिकीट नेहमी थोडं तिरकं चिकटवलेलं. शिक्का आपल्याच ऑफिसातला, म्हणजे पत्र इथल्याच कुठल्या पेटीत पडलेलं. पाठवणाऱ्याचा कोपरा कायम कोरा. पत्ता ठसठशीत, सुट्या अक्षरांत, खुर्चीवर गिऱ्हाइकाचं नाव खडूने लिहितात तसा. अगदी तसाच. टपाल वाटणारा माणूस पाकिटावरचा पत्ता वाचतो, अक्षर वाचत नाही. कुणी कुणाला काय लिहिलं हे बघायचं नाही, ही त्या धंद्याची अब्रू. मावशींनी ती एकोणीस वर्षं इतकी सांभाळली, की डोळ्यांसमोरचं दिसलं नाही.

आणि ती पाकिटं तो कधी उघडायचा नाही! आतल्या फळीवर सुतळीने बांधलेले गठ्ठे दिसायचे. मावशींनी एकदा त्याला झापलंही होतं. "अहो, उघडा की. लिहिणारं माणूस उत्तराची वाट बघत असेल."

"असेल," तो म्हणाला होता. "आधी खुर्ची बघा."

मग त्यांना त्याच्याही आधीचं आठवलं. अगदी सुरुवातीला त्याला महिन्याकाठी एखादं पत्र यायचं, तेवढंच. एकदा पाणी देताना तो म्हणाला होता, "टपाल नसलं तरी येत जा." आणि तेव्हा चाळिशीच्या असलेल्या मावशींनी ताठ मानेने उत्तर दिलं होतं, "टपाल नसताना फाटकाला हात लावायचा नाही, असा नियम आहे." पुढच्या आठवड्यात तीन पाकिटं आली. त्यानंतर एकही आठवडा चुकला नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मावशींच्या तर पिशवीत होता, आणि तो त्यांनी स्वतः वाहून नेऊन ज्याचा त्याला परत दिला होता, आठवड्यातून तीनदा, सही न घेता. त्यांना हसू आलं. मग हसू येता येता त्या रडायलाच लागल्या, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, चौदा नंबरच्या भिंतीवर. दोन वर्षं. अकरा वाजता छातीत होत होतं ते काय होतं, ते डॉक्टरांच्या कागदावर कसं उमटणार होतं?

पण मग तो का आला नाही? इतकी वर्षं तिकिटं चिकटवणाऱ्याला चार पावलं चालता येईनात? मावशींना रागही आला. राग आला हे बरंच झालं. राग आला की माणूस उठतो. त्या उठल्या, हात न टेकता, आणि चौदा नंबर मागे टाकून चालायला लागल्या.

गुडघा दुखतच होता. चमत्कार काही झाला नाही. पण पावलं भराभर पडत होती, आणि मनगटावरचं घड्याळ मुकाट्याने ती मोजत होतं.

सोळा नंबरच्या फाटकाशी त्या थांबल्या. बिजागरी गंजली होती. टब होता, पण त्यात पट्ट्या थोड्याच होत्या. ठोकळ्यावर तो पाठमोरा बसला होता, खांदे पूर्वीपेक्षा उतरलेले, केस पांढरे झालेले. मावशींनी आपल्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते. एकतीस वर्षं आणि वर दोन, पहिल्यांदाच त्यांनी रिकाम्या हाताने एखादं फाटक उघडलं. आणि तोंडातून सवयीने तेच निघालं.

"टपाल!"

तो एकदम उठला नाही. हातातली पट्टी आधी खाली ठेवली. मग वळला आणि उठून उभा राहिला, हात फडक्याला पुसले. कितीतरी वेळ पुसत राहिला.

"काय आलंय?" त्याने विचारलं.

"काही नाही आलं," मावशी म्हणाल्या. "मीच आलेय."

आतल्या फळीवर गठ्ठे होते तसेच होते, वर धूळ बसलेली. मावशींनी तिकडे बोट केलं. "अजून उघडली नाहीत?"

"आत काही नाही त्यांत."

"कोरा कागदसुद्धा नाही?"

"कागद घातला असता तर काहीतरी लिहावं लागलं असतं," तो म्हणाला. "ते काही मला जमेना."

मावशींचा राग अजून पुरता गेला नव्हता. "आणि मग दोन वर्षं? एकदा येऊन बघावंसं नाही वाटलं, बाई जिवंत आहे का मेली?"

"कुठे येणार?" तो हळूच म्हणाला. "सगळ्यांचे पत्ते तुम्हाला ठाऊक. तुमचा पत्ता कुणाकडे होता? ऑफिसात दोनदा जाऊन विचारलं. म्हणाले, असे पत्ते देता येत नाहीत, नियम आहे."

नियम आहे. मावशींना त्या दोन शब्दांचा एवढा संताप जन्मात आला नव्हता. किती वर्षं, त्यांच्या मनात आलं, किती वर्षं आपण दोघं नुसतं फाटकाच्या दोन बाजूंना उभे होतो. आता त्यांतलं एकही परत येणार नाही. कुठल्या ऑफिसात अर्ज केला तरी नाही.

खुर्चीवाला आत गेला आणि एक खुर्ची घेऊन आला. हात असलेली, रुंद पाठीची, लाकूड तेल लावून पुसलेलं. बूड नवं कोरं होतं आणि त्याचा पिवळसर रंग थोडा उतरला होता. कुणी बसलेलं दिसत नव्हतं.

"ही गिऱ्हाइकाची नाही," तो म्हणाला. "तुम्ही गेलात त्या आठवड्यात विणायला घेतली. तपासायची राहिली." त्याने ती सावलीत ओढून ठेवली. "जरा बसून बघता का? सैल तर नाही ना?"

मावशी बसल्या. हात न टेकता, सावकाश, पाठ सरळ ठेवून, वहीत लिहिलंय तसं. वेत जरासुद्धा करकरला नाही. मांडीखाली प्रत्येक पट्टी ताठ होती, कोपरे घट्ट, मधला भाग ढोलाच्या कातड्यासारखा ओढून बसलेला. एकोणीस वर्षांत त्याने एवढी चांगली खुर्ची विणली नव्हती. मावशींना खुर्च्यांतलं कळत होतं. त्यांनी हजारभर तरी तपासल्या होत्या.

तो समोर उभा होता. कपाळावर घाम होता. पाणी आणायचं विसरला होता.

मावशींनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वजन टाकून पाहिलं. घसा खाकरला. जन्मभर जिथला शिक्का तिथलाच मारलेली ती बाई त्याच्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाली,

"सैल आहे."

खुर्चीवाल्याने खुर्चीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काय ते त्याला कळलं.

"हो," तो म्हणाला. "मलाही तसंच वाटत होतं. उद्या पुन्हा बघावी लागेल."

"उद्याही नीट झाली नाही तर?"

"मग परवा."

मावशी उठल्या. त्याने ठोकळ्याजवळची सुरी घेतली, गुडघ्यांवर बसला, आणि दोन वर्षं जपून ठेवलेल्या त्या ताठ, नव्या कोऱ्या बुडाची पहिली पट्टी कापली.